एका तासाचं सुतक

थळकर मास्तर आमच्या पोस्टात बदलून आले त्या दिवशी तुळशीराम पोस्टमननं त्यांचं सामान दमणीतून उतरवलं आणि मला येऊन सांगितलं, "बाबाराव, नवे मास्तर मुसलमान हायेत वाट्टे. नाव हस्केल हाये."

तासाभरानं परत आला. "नाई बाप्पा. किरिस्ताव असतीन. पन घरात येसूचा फोटो नाई."

संध्याकाळी तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं शोध सोडून दिला होता. "बाई आपल्यासारखं लुगडं नेसते, भात-आमटी रांधते. भांडे मात्र दोन पेट्यांत येगयेगळे ठेवले. काय हायेत ते त्यायचं त्यायले माहीत."

हस्केल आरोन थळकर अलिबागकडचे बेने इस्राएल होते, म्हणजे कोकणात पिढ्यान् पिढ्या राहिलेले यहुदी. घरात मराठी, जेवणात नारळ नि कोकम, दुधाची नि मटणाची भांडी वेगळी, आणि प्रार्थना हिब्रूत. महाराष्ट्र व्हायच्या आधीची ही गोष्ट. वाशीमला तेव्हा सगळे बाशीम म्हणत. त्या अख्ख्या मुलखात यहुद्यांचं एवढं एकच घर होतं, नवराबायकोचं. एकुलता एक मुलगा दानू वर्षभरापूर्वीच इस्राएलला गेलेला. मास्तरांची बायको, हन्नावहिनी, त्याला 'आमचा दानू' म्हणत आणि मास्तर 'चिरंजीव'. निळ्या हवाई कागदावरचं त्याचं पत्र महिन्यातून दोनदा यायचं. ते आलं की हन्नावहिनी दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा आणि शेजारीण कुणी आली तर तिच्यासमोर आणखी एकदा वाचून घ्यायच्या. त्यांना वाचता येत होतं, पण पत्र मास्तरांच्या तोंडून ऐकायचं असा त्यांचा नियम.

मास्तर उंच, काटकुळे. मान नेहमी डावीकडे थोडी कललेली, कारण वीस वर्षं ते तारयंत्राची कडकट ऐकत आले होते. माणूस बोलत असला तरी त्याच्या तोंडाकडे न बघता तसेच कान देऊन ऐकायचे. पहिल्यांदा मला तो मग्रूरपणा वाटला. पुढं कळलं की एवढं नीट ऐकणारा माणूस मला तोवर भेटलाच नव्हता.

मृत्यूची तार आली की ते ती दुहेरी घडी करून तुळशीरामच्या हातात देत आणि दर वेळी तेच बजावत, "दारात गेल्यावर आधी पाणी माग. घरातलं कुणीतरी तांब्या घेऊन येईल. मग तार दे. तांब्या जवळ असला पाहिजे." तुळशीरामला तहान असो नसो, अशा घरी तो पाणी मागायचा. पुढं पुढं तर गावात हे इतकं ठाऊक झालं की तुळशीरामनं साध्या उन्हानं पाणी मागितलं तरी बायकांच्या काळजात धस्स व्हायचं.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मास्तर मला म्हणाले, "बाबाराव, तुमचे रविवार मला द्या. माझे शनिवार तुम्ही घ्या."

"शनिवारी काय आहे?"

"शब्बाथ. त्या दिवशी मला काम मना आहे. लिहिणंसुद्धा."

मी कबूल झालो. बत्तीस वर्षांचा होतो, दोन पोरं होती, रविवारी तारेसाठी दोन तास बसायचा कंटाळा येई. रविवारांच्या जोडीला मास्तरांनी दिवाळी, होळी, पोळा, संक्रांत असे आमचे सगळे सण आपल्याकडे घेतले. म्हणजे सौद्यात तोटा त्यांचाच होता. पण ते तसं कधी बोलले नाहीत.

त्यांच्या धर्माच्या कायद्याला ते हलाखा म्हणत. हा शब्द तुळशीरामनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो गंभीर झाला. "मास्तर, हलाखी त आमच्याकडंबी लय हाये. तुमच्यात तिचा सन करतात?"

मास्तर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग म्हणाले, "हलाखा म्हणजे चालायची रीत रे. वाट कुठं वळते, कुठं पाय जपून टाकायचा, ते."

कायदा पुस्तकात होता, पण पुस्तकं लिहिणाऱ्यांनी बाशीमचं पोस्ट पाहिलेलं नव्हतं. त्यामुळं सण जवळ आला की मास्तरांना प्रश्न पडत, आणि ते मुंबईला मामांना कार्ड टाकत. हे शिमशोनमामा म्हातारे होते आणि तिथल्या मशिदीत प्रार्थना चालवत. बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणतात. मामांचं उत्तरही कार्डावरच यायचं, आणि कार्ड उघडं असल्यानं ते आम्ही सगळेच वाचायचो.

पहिल्या उन्हाळ्यात प्रश्न आला खळीचा. पेसाह नावाच्या त्यांच्या सणात आठ दिवस आंबवलेलं अन्न खायचं नाही, घरात ठेवायचंसुद्धा नाही. हन्नावहिनींनी घर झाडून, भांडी उकळून पार तांब्यापितळेची लखलख केली. पण ऑफिसात पाकिटं चिकटवायला मैद्याची खळ असायची, आणि ती दोन दिवसांत आंबून फसफसायची. मामांनी लिहिलं की खळ खायची वस्तू नाही, शिवाय ती सरकारची, तुझी नाही, खुशाल वापर. मास्तरांनी कार्ड दोनदा वाचलं आणि मला म्हणाले, "वाटी सरकारची आहे, बाबाराव, पण बोटं माझी आहेत. पानं उलटताना बोट तोंडात जातंच." आणि ते सकाळी उठून रेल्वे लायनीकडच्या बाभळींवरून डिंक गोळा करून आणू लागले. आठ दिवस सगळं टपाल त्या डिंकानं चिकटलं. ते इतकं घट्ट बसायचं की लोक तक्रार करायचे, पाकीट उघडताना आतलं पत्र फाटतं म्हणून.

मग क्वार्टरात वीज आली. शब्बाथला दिवा लावायचा नाही तसाच मालवायचाही नाही. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत लावलेला बल्ब शनिवारभर जळत राहायचा. दुसऱ्याला 'मालव' असं सांगणंही बरोबर नाही. तुळशीरामला हे कळल्यावर तो शुक्रवारी घरी जाताना मुद्दाम त्यांच्या दारावरून जायचा. हन्नावहिनी ओट्यावर बसून कुणालाच न उद्देशून म्हणायच्या, "आज डोळ्यावर उजेड फार येतोय." तुळशीराम आत जाऊन खटका दाबायचा आणि बाहेर येऊन मला म्हणायचा, "त्या मले काहीच बोलल्या नाईत, बरं का."

हे सगळं ऐकून मास्तर कायद्याला चिकटलेले, कोरडे होते असं कुणाला वाटेल. मलाही वाटलं होतं. मामांनी एकदा लिहिलं होतं, शब्बाथला काही लिहावंच लागलं तर टाळता येईल तेवढं टाळ, नाहीच टळलं तर डाव्या हातानं लिही, म्हणजे ते रोजच्यासारखं काम होत नाही. तपासणीला आलेल्या एका साहेबानं शनिवारी मस्टरवर सही मागितली तेव्हा मास्तरांनी खरोखरच डाव्या हातानं वेडीवाकडी सही केली. साहेब हसला. मीही मनात हसलोच.

पुढच्याच पावसाळ्यात एका शनिवारी दुपारी आसेगावचा किसन धावत ऑफिसात आला. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्या हातात होती. त्याची चार वर्षांची गोदी दवाखान्यात होती, घटसर्पानं घसा दाटत चालला होता. इंजेक्शनचं औषध बाशीमला नव्हतं. अकोल्याला ताबडतोब तार करा, संध्याकाळच्या मोटारीनं पाठवायला सांगा, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं.

यंत्रावर मी बसलो. लायनीवर पावसाची खरखर होती. तारेचं काम मला येत होतं, पण कामचलाऊ. मी पाठवत होतो आणि पलीकडून 'पुन्हा, पुन्हा' एवढंच येत होतं. किसन खिडकीच्या गजांना धरून उभा होता. "भाऊ, पोरीले श्वास घेनं होऊन नाई राह्यलं. करा न लवकर." चौथ्या वेळी माझी बोटंच चालेनात. मी उठलो आणि मागच्या क्वार्टराकडे धावलो.

मास्तर जेवायला बसले होते. मी दोन वाक्यं बोललो असेन. ते उष्ट्या हातानं उठले, अनवाणी अंगण ओलांडून आले आणि यंत्रावर बसले. मिनिटाभरात अकोला बोलू लागलं. तार गेली. मग तिकडून उत्तर येऊ लागलं, औषध कुणाबरोबर येतंय, मोटार किती वाजता, आणि मास्तर ते उतरवून घेऊ लागले. उजव्या हातानं, नेहमीच्या भरधाव अक्षरात.

मला राहवलं नाही. "मास्तर, शनिवार आहे. डाव्या हातानं..."

"जीव वाचवायचा असताना?" त्यांनी मान वर न करता म्हटलं. "इथं जो थांबून विचारत बसेल तो कायदा मोडतो, बाबाराव. पुस्तकात तसंच लिहिलंय. जो घाई करील त्याचं भलं होवो म्हणून."

कागद किसनच्या हातात देऊन ते परत गेले आणि गार झालेला भात खाल्ला. गोदी वाचली.

किसन तेव्हापासून मास्तरांचा झाला. पावसाळा सरता सरता त्यांचा सुक्कोथचा सण येतो. त्यात आठवडाभर पानाफांद्यांनी शाकारलेल्या मांडवात जेवायचं असतं, आणि छतातून चांदण्या दिसल्या पाहिजेत. किसन बंडीभर शिंदीचे फडे घेऊन आला आणि मांडव घालू लागला. मास्तरांना लगेच प्रश्न पडला. अंगणावरून तारेच्या दोन लायनी ऑफिसात जात होत्या. मांडव उघड्या आभाळाखाली हवा, झाडाखाली चालत नाही, मग तारेखाली चालेल का? मामांचं कार्ड आलं: 'तार पाखराला बसायला पुरते, सावलीला पुरत नाही. खुशाल बस.' हे कार्ड आमच्या ऑफिसात कितीतरी दिवस भिंतीला लावलेलं होतं.

सणाला चार प्रकारच्या झाडांची फळंपानं हातात धरायची असतात. त्यातलं एक महाळुंग. पण कलमी चालत नाही, बियांपासून वाढलेल्या झाडाचंच लागतं. किसननं आपल्या विहिरीवरचं आणलं. "आज्यानं बी टोचलं होतं मास्तर, कलमाचं नाव नाई." दुसरा शिंदीचा फडा, तो होताच. उरलेली दोन झाडं आमच्या भागात मिळेनात. मामांनी लिहिलं, दोनच असतील तर आशीर्वादाची प्रार्थना म्हणू नकोस; नुसती आठवण म्हणून हातात धर. मास्तर मांडवात महाळुंग घेऊन गप्प उभे राहिले आणि त्याचा वास घेतला. किसनला वाटलं आपलं फळ काही कामाचं नाही. मास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "अरे, आठवण हेसुद्धा कामच आहे."

त्या सणाचे पहिले दोन दिवस आणि शेवटचे दोन दिवस कडक असत, आणि मधल्या दिवसांत ते ऑफिसला येत. मी विचारलं, दोन-दोन दिवस का? इस्राएलात तर एकेकच असतो असं दानूच्या पत्रात होतं. मास्तर म्हणाले, जुन्या काळी चंद्र दिसल्याची खबर जेरुसलेमहून माणसं घेऊन निघत. लांबच्या गावांना ती वेळेवर पोचत नसे. म्हणून लांबच्यांनी चूक नको म्हणून दोन दिवस पाळायचे. "तेव्हा तारयंत्र असतं, तर आमचे किती दिवस वाचले असते!" आम्ही सगळे हसलो. हन्नावहिनींनी खीर वाढली.

त्यानंतर दोन वर्षांनी, त्याच सणाच्या पहिल्या दिवशी, तुळशीरामनं निळं पत्र नेऊन मांडवात दिलं. मी तिथंच होतो. पत्त्यावरचं अक्षर दानूचं नव्हतं. मागं नाव होतं नहूमचं, दानूच्या खोलीत राहणाऱ्या मित्राचं. हन्नावहिनींनी अक्षर पाहिलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं.

कडक दिवशी काही फाडायचं नसतं, पत्र उघडायचं नसतं. मी म्हटलं, "मास्तर, मी उघडतो. मला कुठं मनाई आहे?"

मास्तरांनी पत्र हातात धरून विचार केला. मग म्हणाले, "नको. माझ्यासाठीच उघडाल ना? चिरंजिवांच्या हाताला काही लागलं असेल, म्हणून मित्राकडून लिहून घेतलं. परवा बघू." आणि त्यांनी ते मांडवाच्या बांबूत खोचून ठेवलं. दोन दिवस ते तिथं होतं. मी येता-जाता त्याच्याकडे बघत होतो.

तिसऱ्या दिवशी ते ऑफिसला आले, टेबलाशी बसले आणि चाकूनं पत्राच्या कडा कापल्या. वाचू लागले. तेवढ्यात यंत्र वाजू लागलं, बाशीमला कुणीतरी हाक मारत होतं. मास्तरांनी पत्र पालथं ठेवलं आणि आलेली तार उतरवून घेतली. कुणाच्या तरी मुलीचं लग्न ठरल्याची होती. ती नीट लिहून, शिक्का मारून त्यांनी तुळशीरामकडे दिली. मग पत्र उचलून माझ्यापुढं सरकवलं.

पत्राची सुरुवातच अशी होती: 'माझी तार मिळालीच असेल. तुम्हांला सावरायला वेळ मिळावा म्हणून पत्राला उशीर केला.' दानू ज्या शेतावर कामाला होता तिथं उतारावर ट्रॅक्टर उलटला होता. त्याखाली दानू जागच्या जागी गेला. दुसऱ्या दिवशी त्याला पुरलं. तारीख दिली होती. मी बोटांवर मोजलं. त्या दिवशी सत्ताविसावा दिवस होता.

तार आम्हांला मिळालेली नव्हती. मिळाली असती तर ती मास्तरांनी स्वतःच्या हातानं उतरवून घेतली असती. पुढं नहूमच्या दुसऱ्या पत्रातून उलगडा झाला. पोरगं बिचारं त्या दिवशी भानावर नव्हतं, आणि इंग्रजीत बाशीम लिहायच्या जागी त्यानं बसीन लिहिलं होतं. बसीन म्हणजे वसई. तिथं थळकर नावाचा कुणी नव्हता.

मी वर पाहिलं. मास्तर मान कलती करून बसले होते, यंत्र बंद होतं तरी ऐकत असल्यासारखे. तुळशीरामला काहीच ठाऊक नव्हतं, पण त्यानं त्यांचं तोंड पाहिलं आणि पाण्याचा तांब्या आणून टेबलावर ठेवला.

"बाबाराव," मास्तर म्हणाले, "हिला सांगू नका."

"अहो, पण..."

"सण चालू आहे. सणात शोक करायचा नाही आणि सणात दुसऱ्याला अशी बातमीही द्यायची नाही. हा तर आनंदाचा सण. आनंद करा असा हुकूमच आहे."

"आणि सण संपल्यावर?"

त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. हे गणित त्यांनी पत्र वाचता वाचताच केलं असणार. "मुलगा गेला तर बाप सात दिवस जमिनीवर बसतो. पण बातमी तीस दिवसांनंतर आली तर सात दिवस नाहीत. एक तास. मला सत्ताविसाव्या दिवशी कळलं, पण सण संपेपर्यंत बसता येत नाही. आणि सण संपेल तेव्हा तीस दिवस उलटून गेलेले असतील."

"म्हणजे?"

"म्हणजे एक तास. कपडाही फाडायचा नाही."

मी रागानं म्हटलं, "हे कुठलं शास्त्र, मास्तर? मामांना विचारा. काहीतरी वाट असेल."

"मामांना कशाला त्रास? हे पुस्तकात स्पष्ट आहे." मग माझ्या मनातलं ओळखून म्हणाले, "आणि परवा तुम्ही पत्र उघडलं असतंत तरी फरक पडत नव्हता. ते मनात ठेवू नका."

पुढचा आठवडा मी विसरू शकत नाही. रोज संध्याकाळी मास्तर मांडवात जेवायला बसत. आम्हां नवराबायकोला त्यांनी एकदा जेवायला बोलावलं, कारण सणाला पाहुणा हवा. माझी बायको सुमन हिला मी काही सांगितलेलं नव्हतं. ती हन्नावहिनींशी हसून बोलत होती. मास्तरांनी प्रार्थना गायली. आवाज साधाच होता, पण तो कुठं तुटला नाही. हन्नावहिनींनी नारळाच्या करंज्या वाढल्या, त्यांनी दोन खाल्ल्या. मी माझी तशीच ठेवली.

वहिनींनी त्यांना एकदाच विचारलं होतं, नहूमच्या पत्रात काय आहे? ते म्हणाले, "सण झाल्यावर वाचून दाखवतो." बस. दानूचं पत्र दिवसातून तीनदा ऐकणारी ती बाई, तिनं त्या आठवड्यात पुन्हा एकदाही विचारलं नाही. हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

सण संपायच्या आदल्या संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, मास्तर मला म्हणाले, "उद्या दिवेलागणीला घरी याल? घड्याळ घेऊन या. वेळ तुम्ही बघा. मी बघायला लागलो तर माझं सगळं लक्ष काट्यातच जाईल."

मी गेलो. आभाळात तीन चांदण्या दिसल्या की सण संपतो; त्या दिसेपर्यंत मास्तर अंगणात उभे राहिले. मग आत गेले. हन्नावहिनी चुलीपुढं बसल्या होत्या. मास्तरांनी खिशातून पत्र काढलं आणि घडी उलगडली.

वहिनीच म्हणाल्या, "वाचू नका. पत्र उघडलंत त्याच दिवशी मला कळलं. अक्षर त्याचं नव्हतं. आणि तुम्ही ऑफिसातून आलात ते सरळ हात धुवायला गेलात, माझ्याकडे पाहिलं नाहीत."

"मग तू काही..."

"तुमचा सण मोडला असता."

आठ दिवस तिनं त्यांच्यासाठी गोड रांधलं होतं आणि त्यांनी तिच्यासाठी ते खाल्लं होतं. मी दाराबाहेर सरकलो. आत जे रडणं सुरू झालं ते मी इथं लिहिणार नाही.

काही वेळानं मास्तर ओटीवर आले. पायातल्या वहाणा काढल्या आणि भुईवर बसले. वहिनीही शेजारी बसल्या. मी घड्याळ काढलं. साडेसात झाले होते.

वहिनी पदर तोंडाशी धरून होत्या. मास्तरांचे हात मांडीवर उताणे पडले होते. अर्धा तास गेला. पाऊण गेला. साडेआठ झाले. मुलगा गेलेल्या बापाला 'उठा, वेळ संपली' हे मी कोणत्या तोंडानं सांगणार होतो? पावणेनऊ होऊन गेले.

मास्तरांनी विचारलं, "झाला का तास?"

"नाही," मी म्हटलं. "अजून आहे."

ते पुन्हा बसून राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यांनी कानानं वेळ मोजली होती, त्यांना मी काय फसवणार!

"बाबाराव," ते हळूच म्हणाले, "तास मघाशीच झाला. उपकार झाले तुमचे." आणि भुईला हात टेकून उठले. वहिनी उठल्या नाहीत. "माझं लेकरू तासात बसत नाही," त्या म्हणाल्या. मास्तर वाकले आणि त्यांना म्हणाले, "बसवायचं नाहीच आहे. तासाचं फक्त भुईवर बसणं. रडायला मनाई कुठंच लिहिलेली नाही." तरी त्या रात्री त्या भुईवरच राहिल्या, आणि मास्तरांनी त्यांना उठवलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी किसन आसेगावाहून आला. एकटा नव्हता. भाऊ, चुलते, शेजारी असे सगळे बंडीतून आले होते, धुतलेली धोतरं नेसून. मेलेल्यासाठी जी प्रार्थना म्हणतात, ती कद्दीश, तिला दहा माणसं लागतात असं तुळशीरामनं कुठूनतरी ऐकलं होतं आणि किसनला सांगितलं होतं.

"मास्तर," किसन म्हणाला, "दहा पायजेत म्हने. आमी अकरा आलो."

मास्तर दारात उभे होते. ते अकराजण यहुदी नव्हते, आणि कायद्यानं त्यांतला एकही मोजता येत नव्हता, हे मला ठाऊक होतं. मला भीती वाटली की ते तसं सांगतील. आणि त्यांनी सांगितलंच, कारण त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.

"किसन, कद्दीश मला म्हणता येणार नाही. त्याला आमचेच दहा लागतात." किसनची मान खाली गेली. "पण थांब. दावीद राजाची स्तोत्रं म्हणायला मोजणी लागत नाही. ती कुणाहीसमोर म्हणता येतात. बसा सगळे."

सगळे अंगणात बसले. मांडव अजून उभा होता, फडे वाळून करकरत होते. मास्तरांनी पोथी उघडली आणि म्हणू लागले. एक स्तोत्र संपलं की दुसरं. त्यातला एक शब्द कुणाला कळत नव्हता. किसनच्या म्हाताऱ्या चुलत्यानं मध्येच हात जोडले ते शेवटपर्यंत तसेच ठेवले. तिसऱ्या की चौथ्या स्तोत्राला मास्तरांचा आवाज थांबला. पोथी तोंडापुढं धरून ते उभे राहिले, आणि त्यांचे खांदे हलू लागले. आनंदाच्या सणात न तुटलेला तो आवाज तिथं, त्या न मोजता येणाऱ्या माणसांपुढं तुटला. कुणी उठलं नाही, कुणी समजूत घातली नाही. सगळे ते सावरेपर्यंत बसून राहिले, आणि त्यांनी पुढचं स्तोत्र म्हटलं.

दुसऱ्या वर्षी त्यांनी कोकणाकडे बदली मागून घेतली. हन्नावहिनींना आता आपल्या माणसांत राहायचं होतं. चैत्रातल्या रणरणत्या सकाळी सामान दमणीत चढलं. मी स्टेशनवर सोडायला जाणार होतो म्हणून लवकर आलो, तेव्हा मास्तर हातात स्क्रू-पिळणी घेऊन दाराच्या उजव्या चौकटीशी उभे होते. तिथं बोटभर लांबीची एक पत्र्याची नळी तिरपी बसवलेली होती. आत हिब्रूत लिहिलेली चर्मपत्राची गुंडाळी असते म्हणे. आत जाता-येता ते दोघं त्या नळीला बोटं लावत आणि बोटं ओठांना टेकवत, हे मी चार वर्षं पाहत आलो होतो, पण ते काय आहे हे कधी विचारलं नव्हतं. घरात पुढं यहुदी राहणार नसला तर ती काढून न्यायची असते, असं मास्तर म्हणाले. त्यांनी ती काढली, रुमालात गुंडाळली आणि आतल्या खिशात ठेवली. चौकटीवर दोन भोकं राहिली, आणि ऊन-पाऊस न लागलेला लाकडाचा एक पिवळसर पट्टा.

वहिनी दमणीत बसल्या. तुळशीरामनं कासरा धरला. मास्तरांनी रिकाम्या खोल्यांतून एक शेवटची फेरी मारली, खिडक्या लावल्या आणि बाहेर आले. उंबऱ्यात त्यांचा हात आपसूक वर गेला आणि त्या उघड्या लाकडाला टेकला. तिथं आता काही नाही हे बोटांना कळल्यावर ते क्षणभर थांबले. मग त्यांनी ती बोटं तरीही ओठांना लावली, दाराला कडी घातली, आणि उन्हात उतरले.